सेल्फ का लागत नाही?

हा भाग ज्यांनी कानांनी ऐकलाय त्यांना माहितीये की सुरुवातीला फक्त एक आवाज होता. लिहून दाखवायचा तर असा: टक.

बस, एवढाच. चावी फिरवली की डॅशबोर्डखालून एक ‘टक’ येतो आणि मग शांतता. गाडी सुरू होत नाही. आजचा भाग ह्या आवाजाच्या इतिहासाबद्दल आहे. इतिहासाच्या पॉडकास्टवर गाडीचं काय काम, असं वाटत असेल तर दहा मिनिटं थांबा.

आधी माझी बाजू सांगतो, कारण ह्यात माझी चूक आहे. आमचं घर तासगावला. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी पप्पांच्या जुन्या छोट्या पेट्रोल गाडीला अलार्म बसवून दिला. ॲक्सेसरीजच्या एका दुकानात, दीड तासात. रिमोट, सायरन, शॉक सेन्सर, डॅशबोर्डवर लुकलुकणारा लाल दिवा. आमच्या गल्लीतली एक गाडी त्याच वर्षी चोरीला गेली होती, त्यामुळे पप्पा खूश होते.

गेल्या फेब्रुवारीत मी घरी होतो. रात्री सव्वादोनला आज्जीला धाप लागली. ओठ निळे पडायला लागले होते. पप्पा गाडीत बसले, मी आज्जीला धरून मागे, चावी फिरवली आणि टक. परत फिरवली, टक. हेडलाइट लख्ख. पप्पा चावी फिरवतायत आणि मी मागून ‘रिमोट दाबा, रिमोट दाबा’ म्हणतोय. शेवटी शेजारच्या काकांनी त्यांचा द्राक्षांचा पिकअप काढला. मागचे क्रेट तसेच होते. आज्जी पुढे मधे बसली आणि आम्ही मिरजेला गेलो.

आज्जी सहा दिवसांनी घरी आली, बरी आहे. पण ते सहा दिवस मी हॉस्पिटलच्या बाकावर मोबाईलवर एकच गोष्ट वाचत होतो: गाडी सुरू का होत नाही. आणि वाचता वाचता कळलं की ह्या प्रश्नाला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचे सगळे थर आमच्या गाडीत एकावर एक बसलेत.

सुरुवात ‘सेल्फ’ ह्या शब्दापासून करू. आपल्याकडे कुठल्याही गॅरेजमध्ये जा, मिस्त्री म्हणतो, ‘सेल्फ मारा’, ‘सेल्फ गेलाय’. सेल्फ म्हणजे काय? स्वतः? मला लहानपणी खरंच हा प्रश्न पडायचा. तर १९१० च्या दशकात ह्या यंत्राचं नाव होतं सेल्फ-स्टार्टर, म्हणजे स्वतःहून सुरू होणारी गाडी. पुढे इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी त्यातला ‘सेल्फ’ टाकला आणि ‘स्टार्टर’ ठेवला. आपण ‘स्टार्टर’ टाकला आणि ‘सेल्फ’ ठेवला.

मग त्याआधी गाडी कशी सुरू व्हायची? हँडल मारून. गाडीच्या नाकाखाली भोक असायचं, त्यात लोखंडी हँडल घालायचं आणि इंजिन हातानं फिरवायचं. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका द्यायचं आणि हँडल हातावर यायचं. म्हणून शिकवायचे की अंगठा मुठीभोवती वळवायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे झटका बसला तर हँडल हातातून सुटेल. मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडण्याच्या एका प्रकाराला डॉक्टर आजही शोफर्स फ्रॅक्चर म्हणतात. गाडीच्या ड्रायव्हरचं दुखणं हाडांच्या पुस्तकात जाऊन बसलंय.

हे मी आज्जीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘तुझ्या आजोबाचं मनगट कशानं वाकडं होतं मग?’ विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या हँडलनं. मला वाटायचं झाडावरून पडले असतील. म्हणजे जो इतिहास मी अमेरिकेचा म्हणून वाचत होतो, तो आमच्या मळ्यात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत चालू होता.

तर हँडलच्या त्या काळात विजेवर चालणाऱ्या गाड्याही जोरात होत्या, कारण त्यांना हँडल लागत नसे. बटण दाबा आणि निघा. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची विजेची गाडी चालवायची. घरात पेट्रोल गाड्यांचा कारखानदार, आणि बाई विजेच्या गाडीत!

हे चित्र बदललं चार्ल्स केटरिंग ह्या माणसानं. ओहायोचा इंजिनिअर, डोळे कमजोर, आणि आधीची नोकरी कुठे? नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत, डेटन शहरात. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्यानं विजेची मोटर बसवली होती. आणि इथेच खरी गंमत आहे. गाडीचं इंजिन फिरवण्याएवढी ताकदवान मोटर फार मोठी आणि जड होईल, असा तेव्हाचा समज होता. मोटर दिवसभर चालवायची असेल तर तो बरोबरही होता. पण गल्ल्याची मोटर दिवसभर चालत नाही, क्षणभर झटका देते आणि थांबते. छोट्या मोटरला क्षणभरासाठी तिच्या कुवतीपेक्षा कितीतरी जास्त करंट दिला तर ती जळत नाही, जळायला वेळच मिळत नाही. केटरिंगनं तोच विचार गाडीत आणला. तुमच्या गाडीतला सेल्फही ह्याच तत्त्वावर चालतो. म्हणूनच मिस्त्री ओरडतो, ‘सलग मारू नका, दम द्या त्याला.’

केटरिंग आणि एडवर्ड डीड्स ह्यांनी १९०९ मध्ये डेल्को ही कंपनी काढली, काम चालायचं डीड्सच्या घरामागच्या कोठारात. कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलँड ह्याला यंत्र पसंत पडलं आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ-स्टार्टर आला. ह्याबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगतात: १९१० च्या हिवाळ्यात लेलँडचा मित्र बायरन कार्टर एका बाईची बंद पडलेली गाडी हँडल मारून द्यायला गेला, हँडल जबड्यावर बसलं, तो त्यातून गेला आणि लेलँडनं शपथ घेतली. गोष्ट छान आहे. पण कार्टर १९०८ मध्येच वारला होता. तेव्हा ही गोष्ट कुणी फॉरवर्ड केली तर तारीख विचारा.

सेल्फचे भागही इतिहास घेऊन आलेत. सेल्फ मारला की एक छोटं दातेरी चाक पुढे सरकून इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकतं आणि इंजिन सुरू झालं की मागे येतं. त्याला आपले मिस्त्री ‘बेंडिक्स’ म्हणतात. व्हिन्सेंट बेंडिक्स हा अमेरिकन संशोधक. तासगावच्या गॅरेजमध्ये त्याचं नाव रोज घेतलं जातं, पण तो माणूस होता हे कुणाला माहीत नाही. आणि केटरिंगबद्दल सरळ कौतुक करून पुढे जाता येत नाही, कारण पेट्रोलमध्ये शिसं मिसळायची कल्पना १९२१ मध्ये त्याच्याच प्रयोगशाळेतून आली. हात वाचवणारा आणि हवेत विष सोडणारा माणूस एकच. त्यावर वेगळा भाग करू.

सेल्फ हळूहळू सगळीकडे आला. फोर्डच्या मॉडेल टीला तो १९१९ मध्ये मिळू लागला. पण बघा काय झालं: गाडी सुरू करायला आता जोर लागत नव्हता, कसब लागत नव्हतं. म्हणजे मालकाला सोपं झालं आणि चोरालाही. पुढची सगळी गोष्ट ही ‘सुरू करणं’ परत अवघड करण्याची आहे, फक्त बाकीच्या जगासाठी अवघड आणि मालकासाठी सोपं.

त्या काळी चावी आणि सेल्फ वेगवेगळे असायचे. चावीनं विजेला परवानगी द्यायची आणि मग बटण हातानं किंवा पायानं दाबून सेल्फ मारायचा. १९४९ मध्ये क्रायस्लरनं दोन्ही एकत्र केले: चावी आणखी थोडी फिरवा, सेल्फ लागेल. आपण आज जे न विचार करता करतो ते हे. सोय मोठी, पण एक गोष्ट नकळत झाली. परवानगी आणि कृती एकाच चावीच्या कुलपात आली, आणि कुलपाच्या मागे वायरी. चोरानं कुलूप फोडून मागच्या वायरी एकमेकांना लावल्या की झालं. म्हणून १९६९ मध्ये जनरल मोटर्सनं आपल्या गाड्यांत चावीचं कुलूप स्टिअरिंगच्या दांड्यावर नेलं आणि चावी काढली की स्टिअरिंगच अडकवायला सुरुवात केली. सुरू केलीस तरी वळवशील कशी?

मग इलेक्ट्रॉनिक्स आलं आणि इथून माझ्या गोष्टीचे धागे जुळायला लागतात. १९८६ च्या शेव्हरोले कॉर्वेटमध्ये चावीच्या पात्यात एक छोटा काळा तुकडा होता, त्यात रेझिस्टर. पंधरा वेगवेगळ्या किमती, त्यातली तुमच्या गाडीची एक. चावी घातली की गाडी रेझिस्टर मोजायची. चुकीचा निघाला तर सेल्फ बंद आणि काही मिनिटं थांबायची शिक्षा. मला हे फार आवडलं, कारण हा जवळजवळ पासवर्डच आहे, आणि चुकला की थांबायला लावणं आपण लॉगिन पेजवर आजही करतो. पण ह्या यंत्रणेचा मोठा दोष माहितीये काय होता? स्टिअरिंगमधून जाणाऱ्या दोन बारीक वायरी रोज हलून हलून तुटायच्या. चावी बरोबर, माणूस मालक, बॅटरी उत्तम, सेल्फ नवा आणि गाडी म्हणायची, तू चोर आहेस.

इथे मी मोबाईल खाली ठेवला. कारण हेच तर आमच्याकडे झालं होतं.

सुरक्षेचं यंत्र बिघडलं की त्याची खूण वेगळी दिसत नाही. ते बिघाडासारखंच दिसतं, कारण त्याचं कामच मुद्दाम बिघाड करणं आहे. बाजारात बसवून मिळणारा अलार्म काय करतो? चावीकडून सेल्फकडे जाणारी वायर कापतो आणि त्या दोन टोकांच्या मधे रिले बसवतो. रिले म्हणजे विजेवर चालणारं बटण. अलार्म चालू असेल तर रिले उघडा, वायर तुटलेली. रिमोटनं बंद केला की रिले जुळतो. माझ्या भाषेत सांगायचं तर कंपनीच्या चालत्या कोडमध्ये कुणीतरी मधेच एक ‘इफ’ घालून गेलाय, आणि त्याचं डॉक्युमेंटेशन कुठेच नाही. कंपनीच्या वायरिंगच्या नकाशात ती वायर सलग दाखवलेली असते.

त्या रात्रीच्या आधी चार महिने गाडीचं हे चालू होतं, मला फोनवर फक्त ‘गाडी जरा कटकट करतीय’ एवढंच कळलेलं. आधी बॅटरी बदलली. महिनाभर छान. मग परत टक. मग सेल्फ खोलला, कार्बन बदलले, बुश बदलले. पंधरा दिवस छान. धक्का मारला की गाडी सुरू व्हायची, त्यामुळे सगळ्यांची खात्री की दोष बॅटरी नाहीतर सेल्फमध्ये. गॅरेजमध्ये नेली की दुपारी एका हाकेत सुरू. आमच्या धंद्यात ह्याला ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणतात.

आज्जी घरी आल्यावर मी एका रविवारी पहाटे साडेपाचला, थंडीत, नऊशे रुपयांचा मल्टीमीटर घेऊन बसलो. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, उत्तम. पप्पांनी चावी फिरवली. टक. बॅटरीचा आकडा दहाच्या थोडा वर थांबला आणि लगेच परत साडेबाराकडे गेला. म्हणजे बॅटरी मेलेली नाही, सेल्फनं करंट ओढायला सुरुवात केली होती आणि कुणीतरी मधेच थांबवलं. मग डॅशबोर्डखाली अलार्मचा बॉक्स शोधला आणि त्याच्या दोन वायरींवर मोजलं. चावी फिरवताच आकडा साडेसातच्या आसपास कोसळला. त्याच क्षणी लाल दिवा गेला आणि एका सेकंदानं परत लुकलुकायला लागला.

लुकलुकायला लागला म्हणजे काय? अलार्म रीस्टार्ट झाला. आणि रीस्टार्ट झाल्यावर तो कुठल्या अवस्थेत उठतो? पहाऱ्याच्या. डिझाइन म्हणून हे चूक नाही बरं का. चोरानं बॅटरीची वायर काढून परत लावली तर अलार्म बंद अवस्थेत उठला तर काय उपयोग? पण आमच्याकडे बॉक्सची अर्थिंगची वायर रंगवलेल्या पत्र्यावर एका स्क्रूखाली दाबली होती आणि तिथे गंज धरला होता. सेल्फ मारला की सगळ्याच गाड्यांचं व्होल्टेज क्षणभर खाली येतं. थंडीत इंजिन ऑइल घट्ट, बॅटरी आळसावलेली, त्यामुळे जास्तच खाली येतं. गंजामुळे बॉक्सला त्याहूनही कमी मिळायचं. बॉक्स झोपायचा, उठायचा, आणि पप्पांना चोर समजून रिले उघडायचा. नवी बॅटरी टाकली की व्होल्टेज कमी पडायचं, म्हणून महिनाभर चालायचं. सेल्फ साफ केला की तो करंट कमी ओढायचा, म्हणून पंधरा दिवस चालायचं. दोन्ही वेळा उपाय चुकीचा होता आणि दोन्ही वेळा गाडी बरी झाली. निदान चुकायला ह्याच्यापेक्षा चांगली सोय नाही.

तुमच्याकडे असं झालं तर काय बघायचं ते सांगतो, कारण मेसेजमध्ये हेच विचाराल. हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे एकदम मंद होत असतील किंवा कट-कट-कट असा भराभर आवाज येत असेल तर बॅटरी किंवा तिची टर्मिनलं, पांढरी भुकटी साचलीय का बघा. एकच जड टक बोनेटखालून येत असेल आणि दिवे थोडेच मंदावत असतील तर सेल्फकडे बघा. दिवे लख्खच राहिले आणि आवाज डॅशबोर्डखालून आला, किंवा आलाच नाही, तर चावी आणि सेल्फ ह्यांच्या मधे कुणीतरी अडवतंय, आणि बाहेरून बसवलेला अलार्म असेल तर पहिला संशय त्याच्यावर. आम्ही चार महिने लख्ख दिव्यांकडे बघत होतो आणि कुणालाच ते दिसलं नाही. इंजिन फिरतंय पण पकडत नाही, किंवा सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतंय, तर प्रकरण वेगळं: पेट्रोल, ठिणगी, किंवा कंपनीचा इमोबिलायझर चावीतली चिप ओळखत नाहीये. अलार्मचा रिमोटही तपासा, त्यातला छोटा सेल उतरला तरी तोच तमाशा होतो. आणि डॅशबोर्डखाली हात घालण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. पिवळ्या वेष्टणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही.

एक निस्तरायचं राहिलं: मग अलार्म नकोच का? मला त्या सहा दिवसांत तसंच वाटत होतं. पण इतिहास दुसऱ्या बाजूनंही बोलतो. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या गाड्यांना कंपनीतूनच इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर सक्तीचा झाला. उलट अमेरिकेत ही सक्ती नव्हती. तिथे ह्युंदाई आणि किआच्या चावीनं सुरू होणाऱ्या अनेक मॉडेलांत तो नव्हताच, आणि २०२२ मध्ये पोरांनी टिकटॉकवर दाखवलं की कुलूप फोडून यूएसबी केबलच्या टोकानं गाडी सुरू होते. चोऱ्यांची लाट आली. २०२३ मध्ये कंपन्यांनी फुकट सॉफ्टवेअर अपडेट दिलं, त्यात अलार्मचा आवाज तीस सेकंदांचा एक मिनिट केला. म्हणजे पहारा लागतोच.

पण पहारेकरी कोण, हेही बघायला लागतं. २०१९ मध्ये पेन टेस्ट पार्टनर्स ह्या ब्रिटिश संस्थेनं व्हायपर आणि पँडोरा ह्या दोन नामांकित अलार्मांची मोबाईल ॲप तपासली. सर्व्हर हे तपासतच नव्हता की विनंती करणारा खात्याचा मालक आहे का. दुसऱ्याच्या खात्याचा ईमेल बदलायचा, पासवर्ड रीसेट करायचा, की गाडी कुठे आहे ते दिसतं, दार उघडतं, काही गाड्यांत चालतं इंजिनही बंद करता येत होतं. सुमारे तीस लाख गाड्यांचा प्रश्न होता. पँडोरानं तर आपला अलार्म हॅक होऊच शकत नाही अशी जाहिरात केली होती. कंपन्यांनी दुरुस्ती लगेच केली. चूक मात्र अशी होती जी आम्ही नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. मी हसणार होतो, पण मग आठवलं की गंजलेल्या स्क्रूखालच्या अर्थिंगचं बिल मीच भरलं होतं.

आता आमच्या गाडीत अलार्म आहे. पप्पांनी काढू दिला नाही. अर्थिंग रंग खरवडून नव्या बोल्टवर घेतली आणि वायरींचे जोड टेपचे होते ते सोल्डर करून घेतले. रिलेच्या शेजारी एक छोटं बटण लपवलंय. ते दाबलं की रिले बाजूला पडतो आणि सेल्फ थेट लागतो. कुठे आहे ते मी पॉडकास्टवर सांगणार नाही. आज्जीला माहितीये.

हे सगळं करून झाल्यावर मी आमच्या वायरिंगवाल्या मामांना मोठ्या अभिमानानं सांगायला गेलो. ब्राऊनआऊट, रीस्टार्ट, सगळं. ऐकून घेतलं त्यांनी, चहा सांगितला आणि म्हणाले, ‘ऑक्टोबरात तुझ्या पप्पांस्नी म्हटलं हुतं की मी, सेल्फ चांगलाय ओ, आधी तो लाल दिवा बघा. तर म्हणाले, पोरानं पहिल्या पगारातनं बसवलाय, त्याला हात लावू नका.’